बाबांना लागू न पडलेली गोळी काकांना चालेल का?

शाहूपुरीची_लेक · ४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज जरा काळजीचा विषय घेऊन आले आहे.

जानेवारीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातला. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ७५ सुरू केली. बाबा गोळ्यांच्या बाबतीत फार काटेकोर. सकाळी आठच्या भोंग्याला गोळी म्हणजे गोळी, रिकामं पाकीट आईला दाखवून मग केराच्या बादलीत. तरी मे महिन्यात रंकाळ्यावर फिरताना छातीत कळ आली. कठड्यावर बसले आणि मला फोन केला, तर आवाजच फुटेना. दवाखान्यात नेल्यावर कळलं की त्याच स्टेंटमध्ये गुठळी झालीय. देवदयेनं वेळेत पोचलो.

डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल बंद करून टिकाग्रेलॉर दिली. जाता जाता म्हणाले, "काही जणांच्या अंगात ही गोळी चालूच होत नाही. ते जनुकांवर असतं." पुढचा पेशंट आत आला आणि आमचं बोलणं तिथंच थांबलं.

आता माझा प्रश्न काकांचा आहे. बाबांचे धाकटे भाऊ, इचलकरंजीला असतात. मार्चमध्ये त्यांनाही स्टेंट पडला. त्यांना तीच क्लोपिडोग्रेल चालू आहे आणि तब्येत ठणठणीत आहे. मी फोनवर विषय काढला तर काकू म्हणाल्या, "चांगलं चाललंय त्यात खडा कशाला टाकतीस?" त्यांचंही चूक म्हणवत नाही. पण बाबांच्या रक्तात जे आहे ते काकांच्या रक्तात असणारच ना? डॉक्टरांना सांगावं का? तपासणी असते का? कुणाच्या घरात असं काही घडलंय का?

—

कडूलिंब · ४ जून, रात्री ९:५८

बाबांना आराम पडो. वाचते आहे.

—

औषधवाला_महाद्वार · ४ जून, रात्री १०:३१

ताई, मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभा आहे, मला कळलेलं सांगतो. डॉक्टर मंडळी दुरुस्त करतीलच.

गुऱ्हाळ बघितलंय न्हवं? क्लोपिडोग्रेलची गोळी म्हणजे ऊस. ऊस पोटात गेला म्हणून गूळ मिळाला असं होत नाही. यकृतात तिचं गाळप व्हावं लागतं, तेव्हा कुठं प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या गुठळी करणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू न देणारा खरा पदार्थ तयार होतो. त्यातही बराच माल वाटेतच वाया जातो, जेमतेम १५ टक्के गोळी त्या कामाला लागते. हे काम करणारा मुख्य गुळव्या म्हणजे सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम, अंगात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणारं प्रथिन. आणि हा गुळव्या कसा निपजणार ते जनुक ठरवतं. जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही धड असल्या तर काहिलीखाली जाळ भरपूर. एक बिघडलेली असली तर जाळ मंद. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर चुलवाण थंडगार आणि ऊस तसाच पडून.

हे नवीन खूळ नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१० साली क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला, तो याच कारणासाठी.

एक विचारतो. बाबा ॲसिडिटीचं काही घेत होते काय? ओमेप्राझोल वगैरे?

—

पेठेतला_गडी · ४ जून, रात्री ११:०५

मला हे पटत नाही, स्पष्ट बोलतो. आमच्या आज्यानं आयुष्यभर एकाच डॉक्टरच्या पुड्या खाल्ल्या आणि ८८ वर्षं जगला. कुणी जनुकं तपासली नव्हती. आता तपासणीवर तपासणी सांगून सामान्य माणसाचा खिसा रिकामा करायचं चाललंय. स्टेंट नीट बसला नसेल, गोळी बनावट असेल, शंभर कारणं असतात. उगाच रक्ताचा दोष म्हणून घराण्याला नाव कशाला?

—

भूल_देणारी · ५ जून, सकाळी ७:२०

पेठेतला_गडी, तुमची शंका रास्त आहे. स्टेंट पूर्ण उघडला नसणं, गोळी चुकणं, मधुमेह, ही सगळी कारणं आधी बघायचीच असतात. पण "आधी कुणी तपासत नव्हतं" हे तितकंसं खरं नाही. आम्ही भूलतज्ज्ञ फार पूर्वीपासून घराण्याची चौकशी करत आलोय.

श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलीन नावाचं इंजेक्शन देतात. आम्ही त्याला स्कोलीन म्हणतो. पाचेक मिनिटांत त्याचा असर उतरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ज्यांच्यात ते एन्झाइम जन्मतः कामाचं नसतं, त्यांचे स्नायू काही तास हलत नाहीत. श्वाससुद्धा घेता येत नाही. मग ताकद परत येईपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवायचं आणि झोपेचं औषध चालू ठेवायचं, एवढंच हातात असतं. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष इतर लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणून त्या भागात शिकलेले भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी हमखास विचारतात, "तुमच्या नात्यात कुणाला भुलीतून उठायला फार वेळ लागला होता का?" मीही विचारते. मिरजेत हैदराबादकडचे पेशंट येतात.

यात कुठल्या समाजाला नाव ठेवायचा प्रश्न नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यात लग्नं झाली की एखादा बदल साठत जातो. आपल्या देशात अशा हजारो बंदिस्त वाड्या आहेत, प्रत्येकीत वेगळं काही साठलेलं. म्हणून तर जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे प्रत्येकाची सगळी जनुकीय माहिती, वाचून काढले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. परदेशी माणसांवर बेतलेले आकडे आपल्याला किती लागू पडतात हे त्याशिवाय कळणार कसं?

शाहूपुरीची_लेक, काकांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. आणि हे सगळ्यांसाठी, जरा ठळकपणे: स्टेंट असलेल्या माणसानं हा धागा वाचून गोळी स्वतःहून थांबवायची नाही. एक दिवससुद्धा नाही. न लागू पडणाऱ्या गोळीपेक्षा बंद केलेली गोळी जास्त धोक्याची.

—

राजारामपुरी_आठवी_गल्ली · ५ जून, सकाळी ११:४५

आमच्या घरची गोष्ट लिहिते.

माझा मुलगा जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी पिवळा पडला. कावीळ बऱ्याच बाळांना होते, पण याची वाढतच गेली. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवला. घरी आणलं आणि आठवड्यात पुन्हा पिवळा, लंगोटावर चहासारखा डाग. बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला तपासायच्या आधी मलाच विचारलं, "बाळाच्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास का येतोय?"

सासूबाईंनी नातवासाठी त्यांच्या मुलाची दुपटी जपून ठेवली होती. लोखंडी ट्रंकेत, घडी घालून, चार कोपऱ्यांत चार डांबरगोळ्या. तीस वर्षांची माया होती ती. बाळाला त्याच दुपट्यात गुंडाळलं होतं.

तपासणीत निघालं जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता. या माणसांच्या तांबड्या पेशी काही ठरावीक पदार्थांपुढे टिकत नाहीत, फुटतात. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थॅलीन त्यातलंच. मलेरियावरची प्रायमाक्वीन, कुष्ठरोगावरची डॅप्सोन ही औषधंही. कोरियाच्या युद्धाच्या काळात प्रायमाक्वीन घेतलेल्या काही अमेरिकन सैनिकांचं रक्त असंच फुटत होतं आणि १९५६ साली त्याचं मूळ या एन्झाइमपर्यंत पोचलं, हे बाईंनीच सांगितलं. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलग्यांना त्रास जास्त. माझ्याकडून गेलंय. माझ्या माहेरी मोठा मामा लहानपणी "हिवतापाच्या गोळ्यांनी काळं लघवी होऊन" दगावता दगावता वाचला होता. आजी हे सांगायची, आम्ही दृष्ट लागल्याच्या गोष्टींत जमा करायचो.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, रंकाळ्याला सायकल हाणतो. सासूबाईंनी त्या दिवशी ट्रंक अंगणात नेऊन रिकामी केली, सगळं धुऊन उन्हात टाकलं आणि कडुलिंबाचा पाला भरला. मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण दुपटी पिळताना डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. घरातल्या प्रत्येकाचं एक पान: कुठलं औषध, कधी घेतलं, काय झालं. माहेरचंही, सासरचंही. मामाचंही पान आहे.

—

कडूलिंब · ५ जून, दुपारी १२:१०

आठवी गल्ली, ती दुपटी डोळ्यांसमोर आली. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि आजपासून या आयडीचा मला अभिमान वाटणार!

—

पेठेतला_गडी · ५ जून, दुपारी १:३०

डांबरगोळ्यांचं माहीत नव्हतं. आमच्या घरी सहा महिन्यांची पुतणी आहे. आत्ताच कपाट उघडून सगळ्या गोळ्या फेकल्या. वहिनी विचारत्यात काय झालं, म्हटलं नंतर सांगतो.

—

तालमीतला · ५ जून, दुपारी ३:०२

औषधाचं मला काही कळत नाही, पण एक गोष्ट कायम डोक्यात असते. आमच्या तालमीतली पोरं पहाटे मेहनत झाली की गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायची. म्हशी समोर उभ्या, धारोष्ण दूध, फेसासकट ग्लास तोंडाला. मी लिटरभर सहज पचवायचो. माझा जोडीदार, माझ्यापेक्षा ताकदीचा गडी, अर्ध्या ग्लासात पोट धरून बसायचा. वस्ताद म्हणायचे, "ह्येची जिद्द कमी हाय." हेही जनुकाचंच का?

—

भूल_देणारी · ५ जून, दुपारी ३:४०

होय तालमीतले दादा, अगदी तेच. दूध पचवणारं लॅक्टेज एन्झाइम बहुतेक माणसांत मोठेपणी कमी होतं. एका जनुकीय बदलामुळे काहींच्यात ते शेवटपर्यंत टिकतं. तुमच्यात टिकलं, जोडीदारात नाही. जिद्दीचा काही संबंध नाही, वस्तादांना सांगा. त्याला दही-ताक चालेल, विरजताना दुधातली बरीच साखर खपलेली असते.

—

तालमीतला · ५ जून, दुपारी ४:१५

वस्ताद आता नाहीत. पण त्या जोडीदाराला आजच फोन करतो. वीस वर्षं तो स्वतःला कमी समजत आलाय.

—

गडहिंग्लजकर · ५ जून, सायंकाळी ६:५०

पांढरा रस्सा पाच वाट्या पचवायचं जनुक कुठल्या गुणसूत्रावर असतं ते पण सांगा, आमच्या मेव्हण्याचं तपासायचं आहे :)

आता मुद्द्याचं. वडिलांना क्षयरोग झाला तेव्हा आयसोनियाझिड चालू होती. दीड महिन्यात पायाला मुंग्या, मग तळपायाची आग, रात्री ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तीच गोळी, काही नाही. नंतर डॉक्टरांनी बी६ जीवनसत्त्वाची गोळी जोडली आणि आग हळूहळू ओसरली. त्यांनी सांगितलं की हे औषध अंगातून बाहेर टाकण्याचा वेग माणसागणिक वेगळा. एनएटी२ जनुक मंद असेल तर औषध साचत राहतं आणि मज्जातंतूंना त्रास होतो. आपल्या देशात मंद गटातली माणसं निम्म्याहून जास्त. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९६०च्या दशकातच मंद आणि जलद गटांवर अभ्यास झाले होते. पेठेतला_गडी यांच्या आज्याच्या काळात झालेलं काम आहे हे, आणि तेही आपल्याकडं.

—

औषधवाला_महाद्वार · ५ जून, रात्री ८:२२

गडहिंग्लजकर, बरोबर. म्हणजे गुऱ्हाळाच्या दोन बाजू झाल्या. क्लोपिडोग्रेलमध्ये गूळ तयारच होत नाही. आयसोनियाझिडमध्ये तयार माल बाहेर जायची मोरी तुंबते. तिसरा प्रकार आणखी वाईट, जाळ फारच मोठा. खोकल्याच्या काही औषधांतल्या कोडीनचं अंगात मॉर्फिन होतं. हे करणारं सीवायपी२डी६ काही लोकांत इतकं वेगवान असतं की नेहमीच्या मात्रेतही भरमसाट मॉर्फिन तयार होतं. लहान मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झाल्यावर अमेरिकेत २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं ठरलं. माझ्या काउंटरला आया मोठ्या माणसाची बाटली घेऊन येतात, "अर्धा चमचा देऊ का?" म्हणून विचारतात. मी बाटली ठेवून घेतो, देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

—

वारणाकाठची · ६ जून, सकाळी १०:१५

हे लिहू की नको असा कालपासून विचार करत होते.

माझ्या धाकट्या बहिणीला फिट्स येत होत्या. एका दवाखान्यात कार्बामाझेपिन सुरू झाली. बाराव्या दिवशी ताप आला, डोळे लाल. आम्हाला वाटलं डोळे आलेत, साथ होती. चौदाव्या दिवशी ओठ आतून सोलल्यासारखे झाले, पाणीसुद्धा पिववेना. पाठीवर फोड. आम्ही पुन्हा तिथंच नेलं, तर त्यांनी कांजिण्या समजून मलम दिलं आणि फिटची गोळी चालूच ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी अंग पुसायला ओला टॉवेल फिरवला तर पाठीची कातडी टॉवेलबरोबर आली.

याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. बावीस दिवस ती दुसऱ्या रुग्णालयात होती. वाचली. एका डोळ्यात अश्रू कायमचे कमी झालेत, तासातासाला थेंब घालते.

तिथल्या डॉक्टरांनी एचएलए-बी*१५:०२ नावाच्या जनुकप्रकाराची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. हा प्रकार आणि कार्बामाझेपिनची ही प्रतिक्रिया यांचं नातं तैवानच्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं. आशियाई वंशाच्या लोकांना हे औषध देण्याआधी ही तपासणी करावी, असं अमेरिकेच्या औषध खात्यानं २००७ मध्ये सांगितलं. मी ते वाचलं तेव्हा रडले नाही, मला राग आला. आधी माहीत असतं तर, हा विचार अजून जात नाही.

माझ्यातही तोच प्रकार निघाला. माझ्या पर्समध्ये आता मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला कागद असतो, लॅमिनेट केलेला: "कार्बामाझेपिन देऊ नये."

सगळ्यांना एवढंच सांगते. नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि तोंड येणं, डोळे लाल होणं, अंगावर फोड असं एकत्र दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कुठलं औषध चालू आहे ते पहिल्या वाक्यात सांगा.

—

पेठेतला_गडी · ६ जून, सकाळी ११:३०

ताई, परवा मी जे लिहिलं त्याबद्दल मनापासून वाईट वाटतंय. खिसा रिकामा करायचं म्हणालो होतो. तुमच्या बहिणीसारखं असेल तर खिसा कोण बघतंय. तिला देव बळ देवो.

—

वारणाकाठची · ६ जून, दुपारी १२:०५

दादा, तुम्ही शंका काढली म्हणून तर इतकं बोलणं झालं. बहीण आता शिवणक्लास चालवते. बरी आहे.

—

भूल_देणारी · ६ जून, दुपारी २:२०

वारणाकाठची, लिहिल्याबद्दल आभार. एक भर घालते. औषधाचा त्रास झाला तर पेशंट किंवा नातेवाईकही सरकारकडे नोंदवू शकतात. औषध-सतर्कतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. नोंदच झाली नाही तर आपल्या लोकांत काय घडतंय हे कुणाला दिसणारच नाही.

—

त्रिफळा · ६ जून, सायंकाळी ५:४५

आयुर्वेद हेच सांगत आलाय ना? वैद्य आधी प्रकृती बघतो, मग मात्रा ठरवतो. एकच काढा सगळ्यांना असं आपल्यात कधीच नव्हतं. आणि हे नुसतं अभिमानानं बोलत नाही. पुण्यातल्या संशोधकांनी वात-पित्त-कफ प्रकृती आणि या धाग्यातल्या याच सीवायपी२सी१९चा संबंध तपासला होता, त्यांना प्रकृतीनुसार फरक दिसला.

—

भूल_देणारी · ६ जून, सायंकाळी ६:३०

त्रिफळा, तो अभ्यास मला माहीत आहे आणि मला तो आवडतोही. पण थोड्या लोकांवरचा होता. नाडी बघून स्टेंटवाल्याची गोळी बदलावी इतका भक्कम पुरावा त्यातून उभा राहत नाही. माणूस बघून औषध द्यावं, या विचारात मात्र मी तुमच्या बाजूची.

—

त्रिफळा · ६ जून, सायंकाळी ६:५२

गोळी बदलण्याचं मीही म्हणणार नाही. एवढ्यावर सहमत.

—

गणित_मास्तर_कागल · ६ जून, रात्री ९:०५

मूळ प्रश्न मागं पडलाय, म्हणून लिहितो. शाहूपुरीची_लेक यांनी विचारलंय, "बाबांच्यात आहे ते काकांच्यात असणारच ना?" उत्तर: असणारच असं नाही.

आपल्या भागातल्या लोकांत सीवायपी२सी१९च्या दर तीन प्रतींमागे जवळपास एक बिघडलेली असते. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त लोकांकडे निदान एक, आणि दहातल्या साधारण एकाकडे दोन्ही. आता समजा तुमच्या आजी-आजोबांकडे प्रत्येकी एक धड, एक बिघडलेली होती. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं दोनदा उडतं. चारात एकाला दोन्ही धड, चारात दोघांना एक-एक, चारात एकाला दोन्ही बिघडलेल्या. थोरल्याला काय मिळालं यावरून धाकट्याचं नक्की सांगता येत नाही. भाऊ एकाच पोत्यातनं मूठ भरतात, पण मुठीत येईल ते वेगळं असतं.

म्हणून बाबांवरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा काकांचीच तपासणी केलेली बरी. जनुकाची तपासणी आयुष्यात एकदाच. सध्या कुठली गोळी चालू आहे यानं निकाल बदलत नाही.

—

कडूलिंब · ६ जून, रात्री ९:४४

सर, नाण्याचं इतकं सोपं आम्हाला बारावीत कुणी सांगितलं असतं तर! आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या तासाला कागदाची पट्टी चाटायला दिली होती. निम्म्या वर्गाला कडूजहर लागली, निम्म्याला नुसता कागद. १९३१ साली एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत अपघातानं सापडलेला हा फरक, तोही जनुकामुळे. मला भयंकर कडू लागली होती, तेव्हापासून मैत्रिणी कडूलिंब म्हणतात. आयडीचं रहस्य आज उघड केलं.

—

शाहूपुरीची_लेक · ९ जून, रात्री १०:१०

मंडळी, सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. काल इचलकरंजीला जाऊन आले. काकूंना वारणाकाठच्या ताईंचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जाऊया."

आणि औषधवाला दादा, तुमचा प्रश्न. बाबांचं कपाट तपासलं. ओमेप्राझोल २० च्या कॅप्सूल, दोन पट्ट्या. स्टेंटच्या आधीपासून रोज सकाळी उपाशीपोटी घेत होते, शेजाऱ्यांनी सांगितल्या म्हणून. "ती काय औषध आहे का, पित्ताची तर गोळी" असं त्यांचं म्हणणं, म्हणून कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

—

औषधवाला_महाद्वार · ९ जून, रात्री १०:२५

हीच भीती होती. ओमेप्राझोल त्याच गुळव्याचे हात धरते. क्लोपिडोग्रेलबरोबर ती टाळायला सांगतात, पित्ताचं लागलंच तर डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतात. डॉक्टरांना जाताना घरातलं सगळं पिशवीत घालून न्यायचं. चूर्ण, काढा, शेजाऱ्यानं दिलेली गोळी, सगळं.

—

शाहूपुरीची_लेक · २७ जून, सायंकाळी ७:३०

अहवाल आले. दोघांच्या डॉक्टरांनी तपासणीला लगेच होकार दिला. प्रत्येकी एक जांभळ्या टोपणाची रक्ताची नळी, बाकी काही नाही. काका सुईला घाबरतात, बाबांनी त्यांचा हात धरला होता. सत्तरीतले दोघं भाऊ लॅबच्या बाकावर शाळकरी पोरांसारखे बसले होते.

बाबांची एक प्रत धड, एक बिघडलेली. म्हणजे जाळ मंद होता आणि वर ओमेप्राझोलनं पाणी ओतलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मिळून झालं असावं.

काकांच्या दोन्ही बिघडलेल्या.

ज्यांना काहीच त्रास नव्हता त्या काकांच्या. तीन महिने ते ती गोळी निष्ठेनं घेत होते आणि चुलवाण थंड होतं. काकू अहवालाचा कागद हातात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या, नुसत्या "अगं बाई" एवढंच म्हणत. त्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलली. आधी पक्षाघात झाला होता का, वजन किती, हे सगळं विचारून प्रासुग्रेल दिली. तिला या गुळव्याची गरज लागत नाही म्हणे. ॲस्पिरिन चालू आहे.

मास्तर, तुमचं नाणं अगदी तसंच पडलं.

—

गणित_मास्तर_कागल · २७ जून, रात्री ८:००

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आणखी एक लक्षात घ्या. बाबांकडे एक आणि काकांकडे दोन, याचा अर्थ आजी आणि आजोबा दोघांकडेही निदान एकेक होती. काकांच्या मुलांकडे एक नक्की आलीय. तुमच्यासाठी नाणं अजून हवेत आहे. आणि आणखी भावंडं असतील तर त्यांनाही सांगायला हवं.

—

भूल_देणारी · २७ जून, रात्री ८:४०

फार बरं केलंत. मुलांनी आज तपासणीसाठी धावायची गरज नाही, ही गोळी लागायची वेळ आली तर डॉक्टरांना सांगता यावं एवढं पुरे. अहवालाची छायाप्रत प्रत्येकाच्या फाइलीत राहू द्या.

—

पेठेतला_गडी · २७ जून, रात्री ९:१५

काका वाचले, नाद खुळा! आमच्या आईला पण स्टेंट आहे, याच गोळीवर. सोमवारी डॉक्टरांना विचारतो. गोळी बंद करणार नाही, विचारतो फक्त.

—

शाहूपुरीची_लेक · २७ जून, रात्री १०:०५

आठवी गल्लीताई, तुमच्यासारखी वही केली. दोनशे पानी, महाद्वार रोडवरनं आणली. पहिलं पान बाबांचं, दुसरं काकांचं. तिसऱ्यावर आईचं सल्फाच्या गोळीनं अंगावर उठतं ते लिहिलंय. ती आजवर नुसतं "मला त्या गोळ्या सोसत नाहीत" म्हणायची.

मास्तर, आत्या आहे. गारगोटीला. थोरली. गेल्या वर्षी तिचं तोंड वाकडं झालं होतं, तेव्हापासून कुठलीशी रक्ताची गोळी घेते. आज फोन केला तर म्हणते, "मी कुठली तपासणी करत बसतो, भुईमुगाची भांगलण राहिलीय." गोळीचं नाव विचारलं तर पाकीट सापडेना, म्हणे गुलाबी गोळी आहे.

तिचं पान कोरं ठेवलंय. रविवारी सकाळच्या एसटीनं जाते.